लेझरने चष्मा जातो म्हणजे नक्की काय जाते?
वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

लेझर शस्त्रक्रियेबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

मुलगी २२ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. लग्नाचं बघतोय, तर त्याआधी लेझर करून टाकावं असं घरात चाललंय. पण डॉक्टर, लेझरने डोळ्यात करतात तरी काय? आमच्या शेजारीण म्हणतात, नंबर जाळून टाकतात.
– एक आई, नाशिक

जाळत काही नाहीत. डोळ्यात येणारा प्रकाश वळवण्याचे बरेचसे काम आतले भिंग करते अशी समजूत असते. खरे तर त्यातला दोन-तृतीयांश वाटा डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक थराचा, कॉर्नियाचा असतो. त्याची ताकद साधारण ४३ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात). मायनस नंबर असतो तेव्हा बहुतेक वेळा हा थर ठीकच असतो. डोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साडेतेवीस-चोवीस मिलिमीटर लांब असतो, आणि लांबी १ मिलिमीटरने वाढली की अडीच ते तीन नंबर येतो. तुमच्या मुलीचे डोळे दोनएक मिलिमीटर जास्त लांब असणार, म्हणून लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते.

डोळा आखूड करता येत नाही. म्हणून कॉर्निया मधोमध किंचित सपाट करतात. त्याची ताकद कमी झाली की प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. प्लस नंबर असेल तर उलट, मधला भाग तसाच ठेवून भोवती कड्यासारखा भाग उतरवतात, म्हणजे मध्य उंच होतो. सिलिंड्रिकल नंबरात कॉर्नियाचा बाक सगळ्या दिशांनी सारखा नसतो, म्हणून एका दिशेने जास्त आणि तिच्या काटकोनातल्या दिशेने कमी काढतात.

हे काम एक्सायमर लेझर करतो. त्याचा प्रकाश १९३ नॅनोमीटरचा, अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. तो ऊतीतल्या रेणूंचे बंध थेट तोडतो. एका स्पंदात सुमारे पाव मायक्रॉन थर उडून जातो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि शेजारच्या भागाला उष्णता जवळपास पोचत नाही. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे आयबीएममधले सहकारी यांच्या हे १९८१ साली लक्षात आले. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी हा किरण मारून पाहिला, तर आजूबाजूला काळे न पडता स्वच्छ खाच पडली. डोळ्यासाठी त्याचा उपयोग सुचवणारे काम १९८३ साली प्रसिद्ध झाले. 'जाळतात' या शेजारणीच्या शब्दाला उत्तर हवेच असेल तर ते हेच.

आता हिशेब, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत तोच येणार आहे. उतरवलेला थर परत उगवत नाही. किती उतरवायचा याचा ढोबळ नियम असा: लेझर ज्या वर्तुळात चालवायचा त्याच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करा, नंबरने गुणा, तीनने भागा. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळासाठी दर नंबरामागे १४ मायक्रॉन येतात. साडेपाच नंबरला ७७. मुलीच्या कॉर्नियाची जाडी ५३० मायक्रॉन धरू. लॅसिकमध्ये (पापडी उचलून तिच्याखाली लेझर चालवण्याच्या रीतीत) वरून ११० मायक्रॉनची पापडी उचलली आणि खाली ७७ उतरवले, तर तळाशी ३४३ उरतात. तळाला २५० पेक्षा कमी उरता कामा नये. ३०० उरले तर आम्ही निश्चिंत असतो. पापडी आणि उतरवलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. इथे तो ३५ टक्के येतो. हेच डोळे मायनस नऊचे असते तर तळाशी २९३ उरून २५० ची अट पाळली गेली असती, पण टक्केवारी ४५ च्या आसपास गेली असती. तिथे आम्ही नको म्हणू.

लग्नाच्या मुहूर्ताचा या हिशेबाशी संबंध नाही. वर्षापूर्वीचा चष्म्याचा कागद शोधा. तेव्हाच्या आणि आजच्या नंबरात अर्ध्याहून जास्त फरक असेल तर थांबा. फरक नसेल, तर समारंभाच्या निदान तीन महिने आधी करा. सुरुवातीला डोळे कोरडे असतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, आणि काजळ-आयलायनर दोन आठवडे बंद असते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, त्या काळात ही शस्त्रक्रिया करत नाहीत.

आणखी एक. नंबर गेला तरी डोळा लांबच राहतो. त्याचा ताणलेला पडदा पातळच असतो आणि तो फाटण्याचा धोका शस्त्रक्रियेने कमी होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करून पडदा तपासतात. छिद्र किंवा धोकादायक पातळ जागा सापडली तर आधी तिला लेझरने कुंपण घालतात. नंतरही वर्षातून एकदा पडदा तपासायचा. समोर अचानक काळे ठिपके वाढले किंवा वीज चमकल्यासारखे दिसले तर त्याच दिवशी.

माहितीपत्रकात लॅसिक, ब्लेडलेस, कॉन्टुरा, स्माइल, ट्रान्स-पीआरके अशी पाच नावं आहेत आणि प्रत्येकाचा दर वेगळा. सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

नावे पाच असली तरी मूळ रीती तीनच आहेत.

पहिली पृष्ठभागावरची, पीआरके. कॉर्नियावर ५० मायक्रॉनची त्वचा असते. ती खरवडून किंवा विरघळवून काढतात आणि उघड्या जागेवर एक्सायमर चालवतात. त्वचाही एक्सायमरनेच काढली की ती ट्रान्स-पीआरके. ही त्वचा आठवड्याभरात परत येते. तोवर चार-पाच दिवस पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखते आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. नंबर मोठा असेल तर पुढे धुरकटपणा येऊ शकतो, म्हणून मायटोमायसिन नावाचे औषध काही सेकंद लावतात. नंतर स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत नेतात आणि उन्हात तीन महिने गॉगल सक्तीचा.

दुसरी लॅसिक. पापडी उचलायची, खाली एक्सायमर, पापडी परत जागेवर. पापडी पूर्वी पात्याने कापत, आता फेम्टोसेकंद लेझरने (अत्यंत क्षणिक स्पंदांच्या लेझरने) सुटी करतात; पत्रकातले 'ब्लेडलेस' ते हेच. कॉन्टुरा ही लॅसिकचीच आवृत्ती आहे. तिच्यात कॉर्नियाच्या नकाशावरून उतरवण्याचा आराखडा ठरवतात. दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसणे आणि वेदना नसणे हा लॅसिकचा मोठा गुण. पण ती पापडी पूर्वीइतकी घट्ट कधीच चिकटत नाही. वर्षांनंतरही जोराच्या माराने ती सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

तिसरी स्माइल. यात एक्सायमर नाहीच. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत भिंगाच्या आकाराची पातळ चकती कोरतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून चिमट्याने बाहेर काढतात. पापडी नाही, वरवरच्या नसा कमी तुटतात, म्हणून कोरडेपणा तुलनेने कमी. पण पहिले काही दिवस नजर लॅसिकपेक्षा किंचित उशिरा साफ होते, आणि थोडा नंबर उरला तर दुसऱ्यांदा बहुधा पीआरकेच करावी लागते. प्लस नंबरसाठी आजही मुख्यतः लॅसिक किंवा पीआरके.

मग कोणती निवडायची? तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून आधी विचारतो: तालमीत जाता का? कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्याला पापडीची रीत देऊ नये. कॉर्निया जरा पातळ असेल तर पीआरके, कारण तिथे पापडीचे ११० मायक्रॉन वाचतात. डोळे आधीच कोरडे असतील तर लॅसिक मागे पडते. यातले काहीच नसेल, तर तिन्ही रीतींचे निकाल वर्षभरानंतर जवळजवळ सारखेच असतात. दराचा फरक बराचसा यंत्राच्या किमतीचा असतो. पैसे भरण्याआधी तपासण्या, थेंब, वर्षभराच्या भेटी आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा लेझर यांतले रकमेत काय धरले आहे ते लेखी घ्या.

मुलगा १९ वर्षांचा. एका दवाखान्यात 'याला लेझर करता येणार नाही' म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी 'होईल' म्हणतात. वर्षात सिलिंडरचा नंबर एकाने वाढला. लहानपणापासून डोळे चोळायची सवय आहे, ॲलर्जी आहे. कोणाचं ऐकू?
– पालक, लातूर

नाही म्हणणाऱ्याचे. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात. एकोणिसाव्या वर्षी सिलिंडर वाढतो आहे, ॲलर्जी आहे, डोळे चोळतो. हे केराटोकोनस असू शकते. त्यात कॉर्निया पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. अशा कॉर्नियातून आणखी थर उतरवला तर तो फुगतच जातो. चष्म्याने न सुधारणारी धूसर नजर मागे राहते, काहींना कॉर्निया बदलावा लागतो. लेझर शस्त्रक्रियेतली सगळ्यात वाईट गुंतागुंत हीच, आणि ती बहुतांशी तपासणीतच टाळता येते.

नुसती जाडी मोजून हे कळत नाही. ५२० मायक्रॉन जाडीचा कॉर्नियाही आजारी असू शकतो. कॉर्नियाची पुढची आणि मागची, दोन्ही पृष्ठे दाखवणारा नकाशा हवा. पेंटाकॅमसारख्या यंत्रावर तो काही सेकंदांत निघतो. त्यात तीन गोष्टी बघतात: खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उंचावला आहे का, मागचे पृष्ठ फुगले आहे का, आणि सर्वांत पातळ जागा मध्यापासून सरकली आहे का. आजार बहुधा आधी मागच्या पृष्ठावर दिसतो. दुसऱ्या दवाखान्याने हा नकाशा काढला होता का, आणि काढला असेल तर त्याची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर मागून घ्या.

तपासणीआधीची एक चूक सर्रास होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा कॉर्निया लेन्सच्या आकाराने दबलेला असतो आणि नकाशा खोटा येतो. मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवूनच तपासणीला जावे.

केराटोकोनस नक्की झाला तर उपाय आहे. त्याला सीथ्रीआर म्हणतात. कॉर्नियात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, मुरवायचे आणि त्यावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा. मूळ पद्धतीत तो अर्धा तास सोडतात. त्याने धाग्यांमधले बंध वाढून कॉर्निया कडक होतो आणि आजार थांबतो. नंबर मात्र जात नाही. मूळ पद्धतीसाठी निदान ४०० मायक्रॉन जाडी लागते, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' असे करू नका. सख्ख्या भावंडांचेही नकाशे काढून घ्या. ॲलर्जीचे थेंब नेमाने घातले की खाज थांबते आणि चोळणेही. हे थेंब डॉक्टरांनी लिहून दिलेलेच असू द्या. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी खाज झटकन थांबते, पण महिनोन्महिने घातले तर काचबिंदू होतो. आपल्याकडे असे काचबिंदू झालेली मुले थोडी नाहीत.

शस्त्रक्रिया चालू असताना शिंक आली किंवा डोळा हलला तर? आणि घरी आल्यावर काय पाळायचं?
– संगणक अभियंता, पुणे

पापणी क्लिपने उघडी धरलेली असते, त्यामुळे ती मिटण्याचा प्रश्न नाही. डोळा बधिर करणारे थेंब आधी घालतात, सुई नाही. एक्सायमर चालू असताना यंत्रातला कॅमेरा बाहुलीचा पाठलाग करतो. डोळा थोडा सरकला तर किरण त्याच्याबरोबर सरकतो, फार सरकला तर लेझर आपोआप थांबतो आणि पुन्हा तिथूनच सुरू होतो. शिंक येतेय असे वाटले तर सांगा, एवढेच.

जपायचा क्षण त्याआधीचा. पापडी किंवा चकती कोरताना डोळ्यावर यंत्राचे कडे बसवून निर्वात दाबाने तो स्थिर धरतात. तेव्हा नजर काही सेकंद धूसर होते किंवा अंधारते. घाबरून डोळा आवळला की पकड सुटते. लॅसिकमध्ये पकड पुन्हा बसवता येते. स्माइलमध्ये अर्धी चकती कोरून झाली असेल, तर बऱ्याचदा ते सोडून दुसरी रीत घ्यावी लागते. ही वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते. दिव्याकडे बघत शांत श्वास घ्यायचा. पुढे केस जळल्यासारखा वास येईल, तो उडालेल्या ऊतीचा.

सिलिंडर असेल तर टेबलावर झोपवण्याआधी, बसवूनच, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर खुणा करतात किंवा यंत्र बुबुळाच्या रेषा ओळखून डोळ्याची दिशा जुळवते. कारण आडवे झाल्यावर डोळा आपल्या अक्षाभोवती काही अंश फिरतो. १ अंश चुकला तर सिलिंडरच्या दुरुस्तीतला तीनएक टक्के परिणाम वाया जातो, ३० अंश चुकला तर सगळाच. त्या दिवशी अत्तर, डिओ लावू नका. हवेतली वाफ किरण शोषते आणि लेझरचा मापदंड हलतो. म्हणूनच त्या खोलीतले तापमान आणि दमटपणा ठरावीक ठेवलेला असतो.

घरी आल्यावर चार-सहा तास टोचते, पाणी येते. थेंब घालून सरळ झोपून जा. रात्री डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या ढाली आठवडाभर, म्हणजे झोपेत चोळले जाणार नाहीत. मानेखालून अंघोळ, डोक्यावरून पाणी आठवड्याने. पोहणे महिनाभर नाही. दिवस गणपतीचे किंवा होळीचे असतील तर गुलाल आणि रंगांपासूनही महिनाभर लांब. स्क्रीन दुसऱ्या दिवशी चालते, पण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या निम्म्याने कमी मिटतो, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ असू द्यात. दुचाकीवर साधा पारदर्शक चष्मा लावा. दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, डोळा लाल झाला किंवा काल दिसत होते ते आज धुरकट झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

वय ४३, नंबर मायनस तीन. लेझर केल्यावर वाचायचा चष्माही जाईल ना?
– शिक्षिका, रत्नागिरी

जाणार नाही, उलट तुम्हाला तो लागेल. मायनस तीनचा माणूस चष्मा काढून ३३ सेंटिमीटरवरचे बिनचष्म्याने वाचतो. उत्तरपत्रिका तपासताना तुम्ही चष्मा काढून ठेवत असाल, तर तुमच्या मायनस नंबराचा तो फायदा आहे. चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता घटते. लेझरने मायनस शून्यावर आणला की लांबचे लख्ख दिसेल आणि जवळच्यासाठी एक-सव्वा प्लसचा चष्मा लागेल, तो पुढे वाढत जाईल.

मधला मार्ग आहे: एका डोळ्याचा नंबर पूर्ण काढायचा, दुसऱ्यात मायनस सव्वा-दीड ठेवायचा. काहींना ते छान जमते, काहींचे डोके दुखते. तसा नंबर कॉन्टॅक्ट लेन्सने करून पंधरा दिवस शाळेत वावरून बघा. तेवढे केल्याशिवाय हो म्हणू नका.

सहा वर्षांपूर्वी लॅसिक केलं, आता परत मायनस पाऊण आलाय. पुन्हा करू का? डोळेही कोरडे वाटतात.
– वाचक, ठाणे

आधी कोरडेपणाचा उपचार, मग नंबर. अश्रूंचा थर तुटका असेल तर यंत्रावर खोटा नंबर येतो. पापडी कापताना तुटलेल्या नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागते. सहा वर्षांनी कोरडेपणा असेल तर कारण वेगळेच असू शकते. पापण्यांच्या कडांतल्या तेलग्रंथी तपासून घ्या. नंतर नकाशा काढा, कारण कॉर्निया फुगत असेल तरी नंबर असाच परततो. दोन्ही ठीक निघाले आणि तळाची जाडी पुरेशी असली तर दुसऱ्यांदा करता येते. पाऊण नंबरासाठी रात्री गाडी चालवताना चष्मा लावणे आमच्या मते जास्त शहाणपणाचे.

वडिलांनी २००४ साली लॅसिक केलं होतं. आता मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, लेन्सचा नंबर काढणं अवघड. असं का?
– वाचक, पणजी

डॉक्टर बरोबर सांगत आहेत. मोतीबिंदूत बसवायच्या लेन्सची ताकद डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची ताकद यांवरून काढतात. नेहमीचे यंत्र कॉर्नियाचे फक्त पुढचे पृष्ठ मोजते आणि मागचे त्याच प्रमाणात असेल असे धरून चालते. लॅसिकने पुढचे पृष्ठ सपाट झाले, मागचे तसेच राहिले; प्रमाण मोडले. यंत्र कॉर्नियाची ताकद खऱ्यापेक्षा जास्त दाखवते, लेन्स कमी ताकदीची निवडली जाते आणि शस्त्रक्रियेनंतर प्लस नंबर येतो. यासाठी बॅरेट ट्रू-के सारखी वेगळी सूत्रे आहेत. २००४ च्या आधीचा चष्म्याचा नंबर आणि कॉर्नियाचे माप मिळाले तर उत्तर आणखी नेमके येते. जुना कागद सापडला नाही तर त्या दवाखान्यात विचारा. तरीही अर्धा-पाऊण नंबर इकडे-तिकडे होण्याची तयारी ठेवा. मल्टिफोकल (लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सच्या मोहात सहसा पडू नका.

डोळ्याच्या दाबाचेही असेच. पातळ कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवला जातो आणि काचबिंदू नजरेतून सुटतो. 'लेझर झालंय' हे प्रत्येक डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायला हवे. नुसते बघून ते दरवेळी कळत नाही.

नंबर मायनस १३ आहे. लेझर होईल का?
– वाचक, अमरावती

नाही, हिशेब बसत नाही. तुमच्यासाठी आयसीएल, म्हणजे बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची पातळ लेन्स. त्यासाठी पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ ते ३ मिलिमीटर हवी आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणी चांगली यायला हवी. गरज पडली तर ही लेन्स काढता येते, लेझरने उतरवलेले मात्र परत बसवता येत नाही.

भरतीसाठी लेझर चालतं का?
– तीन पत्रे: बीड, सांगली, नांदेड

पदावर अवलंबून आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठीच्या जाहिरातींत लॅसिक किंवा तशी शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. सैन्यदलांत काही प्रवेशांना चालते, काहींना नाही. जिथे चालते तिथेही शस्त्रक्रियेवेळचे वय, त्यानंतर उलटलेले महिने, उरलेली जाडी, डोळ्याची लांबी आणि पडदा बघतात. त्यामुळे क्रम असा ठेवा: ज्या पदासाठी तयारी करताय त्याच्या चालू जाहिरातीतले वैद्यकीय निकष छापून घ्या, तो कागद घेऊन तपासणीला जा आणि डॉक्टरांकडून हिशेब मांडून घ्या. शस्त्रक्रिया लपवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. कॉर्नियाच्या नकाशावर मधला सपाट भाग आयुष्यभर दिसतो.